मदत हवी आहे: ड्रोनच्या पेटीसाठी फोम कोणता आणि कसा कापायचा? इंदूर, रविवारच्या आत

घाटवाला
नमस्कार मंडळी. ड्रोन न्यायला मजबूत पेटी करायची आहे. सोबत आलेली बॅग अगदीच मऊ आहे. मित्राकडून एक कडक पेटी मिळाली, पण तिच्यातला फोम चौकोनी तुकडे तोडून खाचा करायच्या प्रकारातला आहे. खाचा केल्या, आणि आता भिंती लटपटतात, ड्रोन आत हलतो. रविवारी पहाटे महेश्वरला निघायचं आहे, त्यामुळे ऑनलाइन मागवायला वेळ नाही. दुसरा फोम कोणता घ्यायचा, इंदूरमध्ये कुठे मिळेल आणि कसा कापायचा, एवढंच सांगा. व्हिडिओ बघून झालेत. सगळे परदेशातले आहेत, ते सांगतात ती दुकानं आपल्याकडे नाहीत.

तुकोगंजकर
कोणता ड्रोन? पेटी आतून किती लांब, रुंद, खोल? बाइकवर नेणार की कारमध्ये? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

घाटवाला
नेहमीचाच हो, घडीचा. पेटी मध्यम आहे. फोमचं नाव सांगा ना कोणीतरी, दुकानं आठला बंद होतात.

तुकोगंजकर
अहो, २४९ ग्रॅमचा मिनी पण घडीचा आणि जवळजवळ ९०० ग्रॅमचा मॅव्हिक ३ पण घडीचाच. दोघांना एकच फोम कसा चालेल? टेप घ्या, मोजा आणि लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

पाठपिशवी
फोमच्या भानगडीत पडूच नका. कॅमेऱ्याची चांगली पाठपिशवी घ्या, आत कप्पे असलेली. बाइकवर कडक पेटी कॅरियरला बांधली की रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट आत जातो. पाठीवर असलं की आधी आपलं शरीर हादरा खातं, मग पिशवी. मी पातालपाणी, चोरल, जानापाव, सगळीकडे असाच नेतो.

साउंडसर्व्हिस सुदामानगर
आमच्या मिक्सर-अॅम्प्लिफायरच्या पेट्या बघितल्या आहेत का? ९ मिमी प्लायवूड, कडेला अॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांना लोखंडी गोळे, फुलपाखरू कडी. टेम्पोतून पडल्या तरी आतल्या मशीनला काही होत नाही. तशीच छोटी बनवून घ्या, आयुष्यभर टिकेल. बनवणारे इथेच आहेत, मापं द्या फक्त.

पाठपिशवी
बाइकवर प्लायवूडची पेटी? नुसत्या पेटीचंच वजन किती होईल याचा विचार करा.

साउंडसर्व्हिस सुदामानगर
वजन आहे म्हणूनच टिकते. प्लास्टिकच्या पेटीची कडी उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घाटवाला
पेटी आहे माझ्याकडे! पेटी नको आहे, फोम हवा आहे. घ्या मापं: आतून ३६ × २५ सेंमी, खालच्या भागाची खोली ११, झाकणात ४. ड्रोन डीजेआयचा एअर २एस. कंट्रोलर, एकूण तीन बॅटऱ्या, चार्जर, फिल्टरची डबी. बाइकवर न्यायचा आहे.

नियम वाचा
महेश्वरला उडवायची परवानगी काढली आहे का? एअर २एस ५९५ ग्रॅमचा, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत तो मायक्रो गटात येतो, २५० ग्रॅम ते २ किलो. हौसेसाठी उडवत असाल तर मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी लागते. डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा उघडून हिरवा, पिवळा, लाल भाग बघूनच जा. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. महू लष्कराची छावणी आहे, तिथे काढूच नका. पुढे मांडूला जाणार असाल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

घाटवाला
नोंदणी आहे, नकाशा बघितला आहे. फोम??

बडोदेकर मी
मुळात बाहेरच्या कंपनीचा ड्रोन का घेतला? फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. पंख तुटला तर सुटे भाग कुठून आणणार? आता भारतीय बनावटीचे बघायला हवेत. आमच्याकडे वडोदऱ्यात पतंगाच्या दिवसांत मांज्यामुळे ड्रोन पडतात, ते दुरुस्त करून घेताना लोकांचे हाल होतात.

तुकोगंजकर
बडोदेकर, त्यांनी ड्रोन आधीच घेतलेला आहे. २०२१ चं मॉडेल आहे ते. नवीन धागा काढा, तिथे बोलू.

पीथमपूर शिफ्ट
मी पीथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या पॅकिंगमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पेटीत आहे तो पीयू फोम, म्हणजे साधा स्पंजच, फक्त चौकोनात अर्धवट कापलेला. हलक्या वस्तूला ठीक असतो. दोन खाचांमध्ये एकाच चौकोनाची भिंत ठेवली असेल तर ती लटपटणारच, कारण चौकोन एकमेकांना जेमतेम धरून असतात. तुम्हाला हवा आहे ईपीई. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात कोपऱ्यांना येतो तो पांढरा, लवचिक, थर्माकोल नव्हे. त्याच्या पेशी बंद असतात, पाणी पीत नाही आणि कापताना भुगा पडत नाही. जास्त घट्ट आणि काळा हवा असेल तर क्रॉसलिंक मागा, एक्सएलपीई म्हणतात त्याला. ईव्हीए कोणी गळ्यात मारेल, चपलेच्या तळव्याचा असतो तो. दिसतो छान, पण ६०० ग्रॅमच्या वस्तूला फार कडक, धक्का खात नाही, पुढे ढकलतो. फार तर सगळ्यात वरचा एक थर ईव्हीएचा करा, दिसायला नीट.

कुठे: सियागंज-राणीपुरा भागात पॅकिंग मटेरियलच्या दुकानांत विचारा. १० मिमीची शीट आणि ३० मिमीची शीट, दोन्ही घ्या. एकाच जाड ठोकळ्यात खोल खाच कापायला जाऊ नका, ब्लेड आत तिरकं जातं. थर कापून एकावर एक ठेवायचे. तुमची खोली ११० मिमी: खाली ३० चा अखंड तळ, वर १० चे आठ थर. एअर २एस घडी करून १८० × ९७ × ७७ मिमी, म्हणजे ८० च्या खाचेत बरोबर बसतो.

कॅमेराकाका
पीथमपूर यांचं स्पंजाबद्दलचं म्हणणं अगदी खरं. माझ्याकडे फिल्मच्या जमान्यातल्या कॅमेऱ्याची पेटी आहे. आतला स्पंज हवेतल्या दमटपणाने विरघळल्यासारखा झाला. आधी भुगा, मग काळा चिकट थर, आणि तो लेन्सच्या काचेला लागलेला. स्पंज कितीही महाग घ्या, काही वर्षांनी हेच होतं. त्याचा बारीक भुगा ड्रोनच्या गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाच्या) मोटरमध्ये गेला तर काय होईल याचा विचार करा. लेन्सला बुरशी लागते तीही अशीच, बंद पेटीत ओल कोंडली की. माझं सांगणं एवढंच की सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली, तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. त्या तव्यावर मात्र स्वयंपाक करायचा नाही, निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

पाठपिशवी
आणि ज्या पेटीला रबराची गोल पट्टी असते ती पाणी आत येऊ देत नाही, तशी बाहेरही जाऊ देत नाही. धबधब्यावर ओला झालेला ड्रोन तसाच आत ठेवून झाकण लावलं की संपलं. माझ्या पिशवीत हवा खेळती राहते.

कॅमेराकाका
हे बरोबर. पुसून, थोडा वेळ उघडा ठेवून मगच पेटीत. बॅटरीही उडवून उतरल्यावर गरम असते, ती लगेच फोममध्ये कोंबू नका. हे पिशवीलाही लागू आहे बरं का.

घाटवाला
पीथमपूरदादा, मनापासून धन्यवाद. हेच हवं होतं. थर एकमेकांना कशाने चिकटवायचे? आणि खाच ड्रोनच्या मापाची तंतोतंत की थोडी लहान?

साउंडसर्व्हिस सुदामानगर
पांढरा फेविकॉल लावा आणि रात्रभर वर वजन ठेवा. सकाळी पक्कं.

पीथमपूर शिफ्ट
पांढरा नको. तो लाकूड-कागदाला धरतो कारण त्यातलं पाणी शोषलं जातं. ईपीई पाणी शोषत नाही, सकाळी थर अलगद सुटून हातात येतील. गोंदाच्या बंदुकीने थेंब थेंब लावा, पण बंदूक जरा निवू द्या, फार गरम असली तर फोमला खड्डा पडतो. खरं तर पेटीच्या कडांत थर दाबून बसत असतील तर चिकटवायची गरजच नाही. प्रत्येक थर पेटीपेक्षा २-३ मिमी मोठा कापा, आपोआप धरून राहतो.

ड्रोनची खाच बाजूंनी २ मिमी लहान. त्याहून घट्ट केली तर काढताना ओढाताण होते आणि पंखांवर दाब येतो. आणि दोन बोटं आत जातील अशा अर्धगोल खाचा बाजूला ठेवा, नाहीतर महेश्वरला पोचून ड्रोन बाहेरच निघणार नाही.

पण यापेक्षा एक महत्त्वाची गोष्ट राहिली. घरी टेबलावर पेटी आडवी असते, तुम्ही तशीच बघून खाचा आखता. हातात धरून चालायला लागलात की तीच पेटी उभी होते. मूठ वर, बिजागरी खाली. आता ड्रोनचं सगळं वजन बिजागरीकडच्या भिंतीवर. बाइकला बांधली की जशी जागा मिळेल तशी, कधी उभी, कधी आडवी. म्हणून बिजागरीकडची आणि तळाची, या दोन बाजू सगळ्यात जाड ठेवा. आणि गिंबल, म्हणजे ड्रोनचं नाक, कधीही बिजागरीकडे किंवा तळाकडे यायला नको. ड्रोन पेटीच्या लांबीला समांतर ठेवा, नाक एका कुशीला. नाकासमोर बोटभर मोकळी जागा सोडा, तिथे फोम टेकताच कामा नये. वजन अंगावर आणि घडी केलेल्या हातांवर पडलं पाहिजे. गिंबलवरचं प्लास्टिकचं झाकण लावल्याशिवाय पेटीत ठेवायचाच नाही, हे तर तुम्ही करतच असाल.

तुकोगंजकर
मांडणी अशी बसते का बघा. २५ सेंमीच्या बाजूने: २५ मिमी भिंत, ९७ ड्रोन, २५ भिंत, ७५ मध्ये बॅटऱ्या आणि फिल्टर, मग २५ भिंत. बेरीज २४७. उरलेले ३ मिमी बिजागरीकडच्या भिंतीला द्या. ३६ च्या बाजूने ड्रोन १८० घेतो, नाकासमोरची जागा आणि भिंती धरून कंट्रोलरसाठी साधारण १० सेंमीचा उभा पट्टा उरतो. कंट्रोलर त्यात लांबीने उभा बसेल. चार्जर बसणार नाही, तो कपड्यांच्या पिशवीत टाका. त्याला काही होत नाही.

वर्षा रामबाग
मध्येच विचारते. बाइकवर मागे कोणी बसणार आहे का? पेटी नक्की कुठे बांधणार?

घाटवाला
हो, सौ. आहे ना. पेटी तिच्या मागे कॅरियरला. येताना मंडलेश्वर-जाम गेट-महू असं यायचा विचार आहे.

तुकोगंजकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं! कॅरियर म्हणजे मागच्या चाकाच्याही मागे, तिथे उसळी सगळ्यात जास्त.

पाठपिशवी
मी हेच पहिल्यापासून सांगतोय. पाठीवर घ्या.

वर्षा रामबाग
कोणाच्या पाठीवर? त्यांनी घेतली तर पिशवी वहिनींच्या छातीला लागणार, वहिनींनी घेतली तर दोन-अडीच तास त्यांची पाठ धरणार. नव्वद किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. दोघांनाही मोकळं बसू द्या.

मी घरी शिवणकाम करते, सतारी-तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवून देते. माझ्या मते पेटीच्या आत सगळं ज्ञान ओतण्यापेक्षा पेटीच्या खाली काहीतरी हवं. जुन्या सतरंजीची चौघडी किंवा तो पांढरा फोमच दुहेरी, कॅरियर आणि पेटीच्या मध्ये. आणि रबरी आकड्यांची दोरी एकटी पुरत नाही, ती ताणते आणि पेटी उड्या मारते. न ताणणारा कापडी पट्टा बकलाचा घ्या, आडवा एक, उभा एक.

पीथमपूर शिफ्ट
वर्षाताईंचं अगदी पटलं. आम्हीही ट्रकमध्ये खोक्याच्या खाली वेगळा थर देतोच. पट्टा आवळताना झाकण आत दबत नाही ना ते बघा. झाकणातला फोम नागमोडी उंचवट्यांचा असतो, तो कंट्रोलरच्या काड्यांवर (ड्रोन वळवायच्या दांड्यांवर) किंवा बॅटरीच्या बटणावर टेकायला नको. त्या दोन जागांवर झाकणातला फोम कापून टाका.

घाटवाला
बॅटरी ड्रोनमध्ये लावून ठेवायची की काढून?

साउंडसर्व्हिस सुदामानगर
काढून. आम्ही वायरलेस माइकमधलेही सेल प्रत्येक कार्यक्रमानंतर काढतो.

तुकोगंजकर
एक लावून, बाकीच्या वेगळ्या खाचांत. आधी एकदा थोडक्यात आणि मग दाबून धरल्याशिवाय तो चालू होत नाही, म्हणून बटणावर दाब नसेल तर चिंता नाही. बॅटरी काढली तर ड्रोनचा आकार बदलतो आणि तुमची ८० ची खाच सैल होईल. मात्र सुट्या बॅटऱ्यांची धातूची टोकं उघडी ठेवू नका, शेजारी किल्ल्या-नाणी नकोत. आणि थांबाल तिथे पेटी उन्हात ठेवू नका. काळी पेटी आहे ना? या ड्रोनला ४० अंशांच्या वर उडवायचं नसतं आणि निमाडातलं ऊन तुम्हाला सांगायला नको.

बडोदेकर मी
विमानाने नेताना काय नियम आहे? मला दिवाळीत पुण्याला न्यायचा आहे.

नियम वाचा
सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या सामानातच न्यायच्या. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. एअर २एस ची ३५०० एमएएच म्हणजे ३.५ एएच, ११.५५ व्होल्ट, म्हणजे ४० वॉट-तासांच्या आसपास. तुमची तुम्ही अशीच गुणून काढा: एएच गुणिले व्होल्ट. ड्रोन स्वतः कोणत्या सामानात घालायचा ते तिकीट काढतानाच विमान कंपनीकडून लेखी घ्या.

वर्षा रामबाग
महेश्वरला जाताय तर घाटावर सकाळी लवकर पोचा. किल्ल्याच्या भिंतीवर ऊन आडवं पडतं ते दहाच्या आधीच. आणि हातमागावर साड्या विणताना बघायला मिळतात, वहिनींना तिथे नक्की न्या. नुसतं ड्रोन ड्रोन करू नका.

घाटवाला
नक्की नेतो ताई.

शीट मिळाली, राणीपुऱ्यात. ३० ची पांढरी आणि १० ची काळी. आता कापायचं कशाने? कात्रीने कडा फाटतायत.

कॅमेराकाका
स्वयंपाकघरातली दातेरी सुरी.

पीथमपूर शिफ्ट
दातेरी नको, तिने कड फाटते. १८ मिमीचा कटर, आणि दर दोन-तीन खाचांनंतर ब्लेडचं टोक तोडून नवीन धार. एका दमात दाबून कापायचं नाही. स्टीलची पट्टी धरून पहिल्या ओढीत जेमतेम अर्धा थर, दुसऱ्या ओढीत आरपार. ब्लेड शक्य तितकं झोपवून ओढा. उभं धरलं की फोम गोळा होतो. कोपऱ्यांवर आधी पाइपच्या तुकड्याने गोल भोक पाडा, मग रेषा त्या भोकापर्यंत आणा. कोपरा चिरत नाही.

आणि घाईच असेल तर पूर्वी थर्माकोलची मखरं, लग्नाची सजावट करणाऱ्या कोणाकडे तरी जा. त्यांच्याकडे तापलेल्या तारेचं कटर असतं, ईपीई त्याने लोण्यासारखा कापला जातो. खिडक्या उघड्या ठेवून कापायला सांगा, धूर वाईट असतो. ड्रोन मात्र तिथे घेऊन जाऊ नका, कागदावर मापं काढून न्या.

साउंडसर्व्हिस सुदामानगर
लोकमान्य नगरात मखरवाले आहेत दोघेतिघे. पण प्लायवूडचं माझं म्हणणं कायम आहे. पावसाळ्यानंतर करून बघा.

घाटवाला
कटरनेच कापले. आठ थर झाले, तळ बसला. पेटी उलटी करून हलवली, आवाज नाही. नाकासमोर जागा सोडली आहे. झाकणातला फोम बटणाच्या जागी कापला. कंट्रोलर मात्र अजून वर येतोय, झाकण लावलं की काड्यांवर दाब पडतो. आणखी एक थर काढू का?

तुकोगंजकर
थर काढू नका, तळ पातळ होईल. त्या कंट्रोलरच्या काड्या फिरवून निघतात, ठेवायला त्यालाच खाली खोबणी आहे. काढून ठेवा.

घाटवाला
निघाल्या. झाकण बसलं. पट्टे उद्या सकाळी महारानी रोडवरून आणतो.

वर्षा रामबाग
महारानी रोडला विजेचं सामान मिळेल, पट्टे नाही. सियागंजला हार्डवेअरमध्ये बघा, किंवा रामबागेत येऊन माझ्याकडून न्या. गवसण्यांचा पट्टा उरलेला आहे, दोन इंची, बकल लावून देते.